हरभऱ्याच्या झाडावर कॅटसूट

द डार्कनेस ह्या ब्रिटिश रॉक बँडचा तो स्पेसशिपवाला व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा शेजारी बसलेला मित्र अर्ध्यातच म्हणाला, "अरे हे सिरीयसली करतायत का मस्करी चाललीये?" मी हसून म्हणालो मस्करीच असणार रे, आणि मग ते गाणं सलग चार वेळा लावलं. एक लांब केसांचा माणूस, अंगाला चिकटलेला कॅटसूट पुढून पोटापर्यंत उघडा, अवकाशातले राक्षसी प्राणी हल्ला करतायत आणि हे चौघं गिटार वाजवून त्यांना पळवून लावतायत, आणि वर तो आवाज, मधेच असा काही वर चढतो की वाटतं कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला. हसू येणारच ना. पण मग चार वेळा का लावलं? ह्याचं उत्तर "मस्करी" ह्या शब्दात नव्हतं, आणि त्या वेळी ब्रिटनच्या म्युझिक प्रेसलाही ते सापडलं नाही, किंवा शोधायची गरजच वाटली नाही.

प्रेसनेच चढवलं आणि प्रेसनेच पाडलं, हे रडगाणं तिथल्या प्रत्येक बँडचं आहे, त्यात नवीन काही नाही. माझी तक्रार जरा वेगळी आहे. ज्या कारणासाठी ह्यांना वर चढवलं तेच कारण पुढे खाली ढकलायला वापरलं गेलं. जोक म्हणून डोक्यावर घेतलं, आणि जोक दुसऱ्यांदा सांगितला की कुणी हसत नाही. एखाद्या बँडचं कौतुक "काय धमाल वेडेपणा आहे" अशा शब्दांत सुरू झालं की त्याच्या दुसऱ्या अल्बमचा वाईट रिव्ह्यू तिथेच अर्धा लिहून झालेला असतो.

आधी हे लोक कोण ते बघू. जस्टिन आणि डॅन हॉकिन्स हे भाऊ लोवेस्टॉफ्टचे. सफोक परगण्यातलं, इंग्लंडच्या अगदी पूर्वेच्या टोकाचं गाव, एकेकाळी मासेमारीवर चालणारं आणि नंतर ती मासेमारी बसल्यावर मागे पडलेलं. लंडनच्या भाषेत सांगायचं तर फॅशनेबल असण्याशी काही संबंध नसलेलं ठिकाण. जस्टिन जाहिरातींच्या जिंगल्स करायचा. बँडने स्वतःच अनेकदा सांगितलेली गोष्ट अशी की १९९९ संपून २००० लागताना घरच्यांसोबतच्या न्यू इयर पार्टीत जस्टिनने क्वीनच्या "बोहेमियन ऱ्हॅप्सडी"वर हातवारे करत असा काही धिंगाणा घातला की धाकट्या भावाच्या डोक्यात प्रकाश पडला, अरे आपला सिंगर तर घरातच आहे. गोष्टीत मीठमसाला किती ते त्यांनाच माहीत, पण ती खरी वाटते कारण पुढे स्टेजवर जे दिसलं ते अगदी तसंच होतं, नातेवाइकांसमोर लाज सोडून नाचणारा माणूस.

आता तेव्हाची हवा कशी होती ते आठवा. रेडिओहेड होतं, कोल्डप्ले होतं, ट्रॅव्हिस होतं, सगळे खाली मान घालून गाणारे. २००१ मध्ये न्यूयॉर्कहून द स्ट्रोक्स आले आणि एनएमई हे ब्रिटनचं म्युझिक साप्ताहिक त्यांच्या इतक्या प्रेमात पडलं की विचारू नका. बारीक पोरं, फाटक्या जीन्स, चुरगळलेली जाकिटं, न विंचरलेले केस, आणि ह्याला म्हणायचं "खरं" रॉक. माझं म्हणणं एवढंच की ते जाकीटसुद्धा कॉस्च्युमच होतं हो! कुणीतरी आरशासमोर उभं राहून ते नीट चुरगळलेलं होतं. फरक इतकाच की स्ट्रोक्सचा कॉस्च्युम बघणाऱ्याला "आपण कूल आहोत" असं वाटायला लावतो आणि डार्कनेसचा कॅटसूट बघणाऱ्याला आपल्या स्वतःच्या पोटाची आठवण करून देतो.

रेकॉर्ड कंपन्या सुरुवातीला लांबच राहिल्या. हे असलं कोण विकत घेणार, केस वाढवलेले, फॉल्सेटो म्हणजे तो वर चढवलेला बारीक आवाज, गिटारचे लांबलचक सोलो, १९८७ साल आहे का हे? म्हणून पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) मस्ट डिस्ट्रॉय नावाच्या एका चिमुकल्या लेबलवर, २००२ मध्ये. पण लंडनच्या छोट्या क्लबांमध्ये लोक येत होते, मित्रांना ओढून आणत होते, आणि मोठी कंपनी दारात आली ती ही गर्दी बघून. २००३ च्या फेब्रुवारीतला सिंगल चार्टवर ४३ व्या नंबरला, जूनमधला ११ व्या. त्याच जूनमध्ये ग्लॅस्टनबरीला शुक्रवारी पिरॅमिड स्टेजवर सगळ्यात पहिली बारी ह्यांची, म्हणजे आदल्या रात्रीची उतरायच्या आत, उभ्या असलेल्या लोकांसमोर. जुलैत "परमिशन टू लँड" आला आणि नंबर एकवर गेला. सप्टेंबरमध्ये तो स्पेसशिपवाला सिंगल दोन नंबरवर. अल्बम ब्रिटनमध्ये चार वेळा प्लॅटिनम झाला, तिथे एक प्लॅटिनम म्हणजे तीन लाख कॉप्या, हिशेब तुम्हीच करा. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी प्राइझच्या यादीतही नाव आलं, ते मिळालं रॅपर डिझी रॅस्कलला आणि माझ्या मते अगदी बरोबर मिळालं. मग २००४ च्या फेब्रुवारीत ब्रिट अवॉर्ड्सला तीन बक्षिसं, ग्रुप, रॉक अ‍ॅक्ट आणि अल्बम. वर्षभरापूर्वी ज्यांना चाळिसाच्या आत जागा मिळत नव्हती असे लोक!

ह्या वर्षभरात प्रेसने काय केलं हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी प्रेसची स्वतःची अवस्था समजून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये म्युझिकची साप्ताहिकं हा एक वेगळाच प्रकार होता, आपल्याकडे त्याला तोड नाही. मेलडी मेकर १९२६ पासून, एनएमई १९५२ पासून, नंतर साउंड्स. दर आठवड्याला पानं भरायची म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी "नवीन" लागणार, आणि बँड तर काही दर आठवड्याला जन्माला येत नाहीत. मग काय, हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा उद्योग. ह्याचं सगळ्यात शुद्ध उदाहरण म्हणजे स्वेड हा बँड. एप्रिल १९९२ मध्ये मेलडी मेकरने त्यांना कव्हरवर टाकून ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड असं जाहीर केलं, आणि गंमत अशी की तोवर त्यांचा एकही सिंगल बाजारात आलेला नव्हता! पुढच्या महिन्यात पहिला सिंगल आला तो ४९ व्या नंबरपर्यंतच गेला. म्हणजे आधी कीर्ती आणि मग गाणं. अर्थात स्वेड चांगलेच होते म्हणून निभावलं, १९९३ मध्ये पहिला अल्बम थेट एक नंबरवर, मर्क्युरी प्राइझही मिळालं. ते लोकही ग्लॅमचेच, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या चमकी-मेकअपवाल्या रॉकचेच वारसदार, सिंगर ब्रेट अँडरसनची ती लचकणारी कंबर, उघडी छाती, बोवीचा आवाज. पण त्यांना कुणी जोक म्हणालं नाही. ह्यावर परत येतो.

२००३ पर्यंत ही साप्ताहिकं आजारी पडली होती. साउंड्स १९९१ लाच गेलेलं, मेलडी मेकर २००० च्या शेवटी एनएमईत विलीन, आणि खपात एनएमईला मागे टाकलं कोणी तर केरंगने, म्हणजे हेवी मेटलवाल्यांच्या साप्ताहिकाने, ज्याच्याकडे बघून एनएमईची मंडळी वर्षानुवर्षं नाकं मुरडत आलेली. आणि अशा वेळी समोर येतो एक बँड ज्याचा फोटो कव्हरवर टाकला की स्टॉलवरून लांबूनही दिसतो. ज्याचा सिंगर मुलाखतीत काहीही विचारा, हेडिंग देतोच. नाही कसं म्हणणार? पण एनएमईसारख्या पेपराने पंचवीस वर्षं, म्हणजे पंकपासून, असले लांब केस आणि असले सोलो हेच शत्रू म्हणून शिकवलेलं. मग स्वतःच्या वाचकाला सांगायचं काय? तर सांगायचं की हे आयरॉनिक आहे. हसत हसत ऐका, चालतंय. "गिल्टी प्लेझर" नावाची जी भानगड आहे ती हीच, आवडतं तर आहे पण आवडतं असं म्हणायची लाज वाटते, मग मधे एक हसू ठेवायचं, रुमालासारखं, हाताला काही लागू नये म्हणून.

ह्यात प्रेसचा फायदा झाला, वाचकाचाही झाला आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला बँडचाही झाला. ह्याचं बिल भरायचं कुणी आणि कधी, तेवढा प्रश्न राहिला.

बरं हे काही २००३ मध्ये सुरू झालं नाही. ग्लॅमला हा प्रश्न जन्मापासून चिकटलाय. १९७१ च्या मार्चमध्ये टी. रेक्स बँडचा सिंगर मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आला तेव्हापासून. १९७३ मध्ये न्यूयॉर्क डॉल्स हा अमेरिकन बँड बीबीसीच्या ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट ह्या म्युझिक कार्यक्रमात आला, लिपस्टिक, उंच टाचा वगैरे, वाजवून झालं आणि अँकर बॉब हॅरिस खुर्चीत बसल्या बसल्या हसून दोनच शब्द बोलला, "मॉक रॉक". म्हणजे लुटुपुटूचं रॉक. संपला विषय. पण घराघरांत बसून तो कार्यक्रम बघणाऱ्या पोरांनी ते हसू ऐकलंच नाही, त्यांनी डॉल्सना बघितलं, आणि पुढे पंक म्हणून जे काही आलं त्यात ह्या लुटुपुटूच्या बँडचा वाटा किती मोठा होता हे आज तेच समीक्षक पानंच्या पानं लिहून सांगतात. डॉल्सचा शेवटचा मॅनेजर माल्कम मॅक्लारेन घरी परतून सेक्स पिस्टल्स ह्या पुढे गाजलेल्या पंक बँडच्या मागे लागला, एवढं एकच सांगितलं तरी पुरे.

आणि त्याच काळात ब्रिटनमध्ये कोणाचा कॉस्च्युम "कला" ठरला आणि कोणाचा "गंमत" हे बघा. डेव्हिड बोवीने जानेवारी १९७२ मध्ये मेलडी मेकरला मुलाखत देऊन मी गे आहे असं सांगून टाकलं, तो अंक गाजला, जुलैत टॉप ऑफ द पॉप्स ह्या टीव्ही कार्यक्रमात "स्टारमॅन" म्हणताना आपल्या गिटारवाल्या मिक रॉन्सनच्या गळ्यात हात टाकला, आणि बोवी झाला विचारवंत. रॉक्सी म्युझिक बँडचा ब्रायन फेरी न्यूकॅसलला रिचर्ड हॅमिल्टनसारख्या पेंटरच्या हाताखाली शिकलेला, मग त्यांच्या पंखांवर आणि बिबट्याच्या ठिपक्यांवर निबंध. आणि स्लेड? वुल्व्हरहॅम्प्टनकडची पोरं, डेव्ह हिलचे ते रुपेरी पोशाख बघून डोळे दिपावेत, सहा सिंगल नंबर एकवर, त्यातले १९७३ मधले तीन तर आल्या आल्या थेट एकवर. त्यांच्यावर कोण निबंध लिहिणार! ते म्हणजे पोराटोरांचं, नाचायचं, ख्रिसमसचं. आता कुणी म्हणेल की हा सरळसरळ वर्गाचा प्रश्न आहे, तर तेवढं सोपं नाही, फेरीचा बापही खाणीतल्या घोड्यांची देखभाल करणारा होता. प्रश्न जन्माचा नसून कपड्यांबद्दल बोलता येण्याचा आहे. पोशाखामागे काय विचार आहे हे मुलाखतीत दोन पुस्तकांची नावं घेऊन सांगता आलं की तो आर्ट. "बघायला भारी वाटतं म्हणून घातलं" असं म्हणालात की जोक. स्वेड वाचले ते इथे. ब्रेट अँडरसनला लंडनची उपनगरं, एकटेपणा, लैंगिकता ह्यावर बोलता यायचं आणि बोलायला आवडायचंही. जस्टिन हॉकिन्सला विचारलं तर तो अजून एक कोटी करायचा.

क्वीनचं तर विचारूच नका, आणि इथे आपला थोडा हक्क आहे म्हणून थांबतो. फारुख बुलसारा, झांझिबारला जन्मलेलं पारशी पोरगं, साधारण आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला आलं, तिथेच पियानो शिकलं, तिथेच हेक्टिक्स नावाचा शाळकरी बँड केला. १९६४ मध्ये कुटुंबासह इंग्लंड, पुढे ईलिंगला आर्ट कॉलेज, केन्सिंग्टन मार्केटात जुन्या कपड्यांचा स्टॉल. तर ह्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनला ब्रिटिश प्रेसने सुरुवातीपासूनच जवळ केलं नाही, ग्लॅमच्या लाटेवर उशिरा चढलेले, बनवलेले, नकली, असंच धरून चालले. १९७७ मध्ये एनएमईने फ्रेडीची मुलाखत छापली तिचं हेडिंगच होतं, हा माणूस येडपट आहे का? पंकचा उन्हाळा होता तो, आणि हा माणूस बॅलेच्या गोष्टी करत होता. आता गंमत बघा, क्वीनला ह्याने काही फरक पडला नाही, कारण प्रेसने त्यांना कधी वर चढवलंच नव्हतं. रेडिओने चढवलं, १९७५ मध्ये केनी एव्हरेटने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर सहा मिनिटांच्या "बोहेमियन ऱ्हॅप्सडी"चा एका वीकेंडला रतीब घातला आणि पुढे ते नऊ आठवडे एक नंबरवर बसलं. ज्यांनी शिव्या देत देत तुमच्याकडे बघितलं त्यांचं देणं तुमच्या डोक्यावर नसतं. डार्कनेसच्या डोक्यावर ते होतं, हसत हसत दिलेलं उधार होतं, आणि असलं उधार वसूल करणारा माणूसही हसतच येतो.

आता दुसरी बाजू, कारण कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच की बँडने स्वतःच जोक करून घेतला ना. हो, घेतला. २००३ च्या ख्रिसमससाठी काढलेल्या गाण्याच्या नावातच शाळकरी पोरांची चावट कोटी, ती रेडिओवर सगळ्या देशाकडून वदवून घ्यायची ही त्यांची मजा. ते गाणंही दोनवरच अडकलं, एक नंबर गेला "मॅड वर्ल्ड"च्या त्या उदास पियानोवाल्या व्हर्जनला. (ह्यावर एक आख्खा वेगळा लेख होईल, त्या ख्रिसमसला ब्रिटनने धमाल आणि उदासी समोरासमोर ठेवून उदासी निवडली.) आणि मग पैसा आला, कोकेन आलं, दारू आली, बेसवाला फ्रँकी पुलेन २००५ मध्ये बाहेर. दुसऱ्या अल्बमला प्रोड्यूसर आणला तो क्वीनचा रॉय थॉमस बेकर, म्हणजे लोक ज्याची नक्कल म्हणतात त्याच्याच घरी जाऊन राहायचं, आणि पहिल्याच गाण्यात बासरीसारखे पॅनपाइप्स, नाकाने काहीतरी ओढल्याचा आवाज, सतारसुद्धा. २००५ च्या नोव्हेंबरात आलेला हा अल्बम ११ वर थांबला. पुढच्या ऑक्टोबरात जस्टिन रिहॅबनंतर बँड सोडून गेला. ह्यातलं कोकेन काही एनएमईने पाजलेलं नव्हतं, हे मान्यच आहे.

पण तो दुसरा अल्बम आज शांतपणे ऐका. मी ऐकलाय, बऱ्याचदा. पसरट आहे, कुठे कुठे तर स्वतःच्याच प्रेमात आहे, पण त्यात चार-पाच गाणी अशी आहेत की पहिल्या अल्बमवर सहज बसली असती. त्याला मिळालेली वागणूक गाण्यांच्या दर्जापेक्षा फार खाली होती, आणि माझ्या मते कारण हे की "जोक संपला" हे वाक्य समीक्षकाला इतकं आयतं मिळालेलं होतं की गाणी ऐकायची गरजच उरली नाही. एखाद्या सिरीयस बँडचा दुसरा अल्बम पडला तर म्हणतात प्रयोग फसला, तिसरा बघू. विदूषकाला तिसरा मिळत नाही.

आणि सगळ्यात जास्त चीड येते ती ह्या "खरे का खोटे"च्या नादात कारागिरीबद्दल कुणी बोललंच नाही ह्याची. तो फॉल्सेटो गाऊन बघा एकदा, बाथरूममध्ये दार लावून बघा. सूर न सोडता, दम न लागता, वर स्टेजभर उड्या मारत, रोज. डॅन हॉकिन्सची गिटार ऐका, थिन लिझी आणि एसी/डीसी हे जुने रॉक बँड किती मन लावून ऐकलंय ते कळतं, एक सूर जास्त नाही. विनोदी दिसणाऱ्या गोष्टीत टायमिंग चुकलं की ती लगेच मरते, उदास गाण्यात मात्र चुकलेला सूरही "भावना" म्हणून खपून जातो. मला कळत नाही की हसवणं आणि मनापासून करणं ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या शत्रू आहेत हे कोणी ठरवलं. न्यू इयर पार्टीत बोहेमियन ऱ्हॅप्सडीवर नाचणारा माणूस मस्करी करत असतो का? हो. त्याला ते गाणं जिवापाड आवडतं का? तेही हो, म्हणून तर प्रत्येक हातवारा पाठ आहे. माझ्या मित्राचा प्रश्नच चुकीचा होता आणि माझं उत्तर त्याहून चुकीचं.

मग समीक्षकाने करायचं काय, कौतुकच करत बसायचं का? अजिबात नाही. गाणं वाईट असेल तर वाईट म्हणा, कोरस ढिला आहे म्हणा, शब्द पांचट आहेत म्हणा, ही कोटी चौथ्यांदा होतेय म्हणा. पण "ह्यांचा हेतू काय" ही तपासणी फक्त चमकीवाल्यांच्या दारात करायची आणि चुरगळलेल्या जाकिटाला सलाम ठोकून आत सोडायचं, हे नाही चालणार. झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्या. स्ट्रोक्सना कुणी विचारलं होतं का की बाबांनो, हे न्यूयॉर्कचे १९७७ चे कपडे तुम्ही २००१ मध्ये सिरीयसली घातलेत का मस्करी आहे?

पुढचं तुम्हाला माहीत असेल. एनएमईचा छापील अंक आधी फुकट झाला आणि मार्च २०१८ मध्ये बंद पडला. डार्कनेस २०११ लाच परत एकत्र आले होते, पुलेनसकट, आणि तेव्हापासून थांबलेच नाहीत, २०२५ मध्ये आलेला अल्बम ब्रिटनमध्ये दोन नंबरपर्यंत गेला. दशकभर त्यांचा ड्रमर आहे रुफस टेलर, क्वीनच्या रॉजर टेलरचा मुलगा, म्हणजे त्या पार्टीतला धिंगाणा शेवटी त्या घराण्यापर्यंत जाऊन पोचला. आणि जस्टिन हॉकिन्स यूट्यूबवर बसून दुसऱ्यांच्या गाण्यांचे रिव्ह्यू करतो. तुम्ही बघितले नसतील तर बघा. गाणं थांबवून थांबवून सांगतो, इथे कॉर्ड काय बदलला, हा सूर कुठून उचललाय, कोरस का चढत नाहीये, आणि मधेच एखादा असला फालतू जोक मारतो की हसू आवरत नाही, आणि परत कॉर्डवर येतो.